खांद्याच्या ऑपरेशनला ग्राफ्ट कुठला घ्यायचा? एमआरआयपासून डिस्चार्जपर्यंत क्रमानं सगळं

मी कोल्हापुरात फिजिओ आहे. आमच्याकडं खांदा धरून येणारी माणसं म्हणजे मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलणारे हमाल, उद्यमनगरातले फाउंड्रीवाले, पहाटे उठून म्हशींच्या धारा काढणाऱ्या काकू, आणि पावसाळ्यात पन्हाळ्याच्या घाटात गाडी घसरून हातावर पडलेली पोरं. हल्ली यातले बरेच जण ऑपरेशनच्या आधीच येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "शीर तुटलीय म्हणालेत, ग्राफ्ट लागंल म्हणालेत, मांडीतला घ्यायचा का बाहेरचा ते सांगा म्हणालेत, आता आम्ही काय सांगणार?" घरात सगळ्यांची झोप उडालेली असते आणि तेवढ्यात एखादा पाहुणा फोनवरनं सांगतो की बाहेरचा ग्राफ्ट बॉडी घेत नाही, दुसरा सांगतो मांडी कापली की माणूस लंगडतो.

शीर म्हणजे इथं टेंडन, मसलला हाडाशी बांधणारी दोरी, आणि ग्राफ्ट म्हणजे ती नुसती शिवून भागत नसेल तेव्हा तिच्या जागी किंवा जोडीला बसवायचा तुकडा. मला कळकळीनं एकच सांगायचंय. ग्राफ्ट कुठला हा प्रश्न शेवटी येतो. तुमच्या खांद्यात काय शिल्लक राहिलंय हे आधी बघायचं, मग ग्राफ्ट लागतो का बघायचं, कशासाठी लागतो ते बघायचं, आणि मग कुठला ते. हा क्रम उलटा झाला की पैसे पण जातात आणि वर्ष पण जातं. शेवटचा निर्णय तुमच्या सर्जनचाच, पण तो समजून घेऊन हो म्हणायला एवढी माहिती पाहिजेच.

पहिली पायरी : नेमकं काय फाटलंय

रोटेटर कफ म्हणजे चार मसल आणि त्यांचे टेंडन. वरती सुप्रास्पायनॅटस, मागं इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरेस मायनर, पुढं सबस्कॅप्युलॅरिस. हात वर उचलायची खरी ताकद बाहेरच्या डेल्टॉइडची, पण तो उचलताना दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या वाटीच्या मध्ये दाबून धरायचं काम या चौघांचं. वरचा आणि मागचा टेंडन फाटला की डेल्टॉइड गोळ्याला नुसता वर ओढतो, गोळा वरच्या हाडाला जाऊन टेकतो आणि हात काही वर जात नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पेशंटला शर्ट काढून आरशासमोर उभा करा. हात बाजूनं वर न्यायला सांगितला की हात कमरेच्या थोडा वर जातो आणि खांदाच कानाकडं चढतो, मान आखडते. मग मी काय करतो, कोपर अंगाला चिकटवून ठेवतो, हात बाहेरच्या बाजूला फिरवून नेतो आणि म्हणतो मामा आता एवढाच धरून ठेवा, आणि सोडतो. चांगल्या खांद्यात हात तिथंच राहतो. मागचा टेंडन गेलेल्या माणसाचा हात सुटल्या सुटल्या पोटावर येऊन पडतो, आणि त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटतं कारण त्यानं धरायचा मनापासून प्रयत्न केलेला असतो. हे दिसलं की समजायचं नुसता वरचा टेंडन नाही, मागचा पण गेलाय, आणि ग्राफ्टचा विचार करताना ही गोष्ट लई महत्त्वाची ठरते, पुढं सांगतो का ते.

फाटलेला भाग १ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लहान, १ ते ३ मध्यम, ३ ते ५ मोठा, ५ च्या वर किंवा दोन टेंडन पूर्ण गेलेले असतील तर मॅसिव्ह. लहान आणि मध्यम फाटीला बहुतेक वेळा ग्राफ्ट लागतच नाही, दुर्बिणीनं अँकर, म्हणजे दोरा लावलेले छोटे खिळे, हाडात टाकून टेंडन परत हाडाला शिवतात, काही फाटी तर व्यायामावरच निभावतात. तेव्हा लहान फाटीला कोणी ग्राफ्ट सुचवला तर नम्रपणे विचारा की साधी शिलाई का नाही चालणार.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण तालमीतली पोरं पण हे वाचतील. पैलवानाचा खांदा सारखा निखळत असेल तर तो वेगळा आजार, तिथं बहुतेक वेळा वाटीची कड गेलेली असते. त्यात लॅटर्जे म्हणून ऑपरेशन असतं, खांद्याच्याच पुढच्या हाडाचा तुकडा वाटीच्या कडेला बसवतात. त्याला पण लोक ग्राफ्टच म्हणतात पण त्याचा या लेखाशी संबंध नाही. आणि खांदा दुखतोय म्हणून कुणाकडनं तरी ओढून बसवून घेणं कृपा करून थांबवा, अर्धी फाटलेली शीर पूर्ण फाटायला तेवढं पुरतं.

दुसरी पायरी : एमआरआय आणि एक्सरेमध्ये तीन गोष्टी शोधा

रिपोर्टचं शेवटचं पान वाचून थांबू नका, सीडी किंवा फिल्म पण घ्या, सर्जन फिल्मच बघतात.

पहिली गोष्ट, मसलमध्ये चरबी किती शिरलीय. याला गुटालिए ग्रेड म्हणतात, ही पद्धत १९९४ मध्ये आली आणि ग्रेड ० ते ४ असतात. २ मध्ये चरबी आहे पण मसल जास्त, ३ मध्ये निम्मं निम्मं, ४ मध्ये चरबीच जास्त. फिल्मवर खांद्याच्या पात्याचा इंग्रजी वाय सारखा आकार दिसतो तो भाग शोधा, त्याच्या वरच्या खोबणीत सुप्रास्पायनॅटस असतो. तो भरलेला आणि करडा दिसला तर मसल चांगला, आत पांढरे पट्टे पट्टे आणि मसल आक्रसून खोबण रिकामी दिसली तर जुनी फाट. ही शिरलेली चरबी शिवल्यावर सहसा परत जात नाही. विहिरीवरच्या मोटेचा नाडा तुटला तर नवा जोडता येतो, पण ओढणारा बैलच बसला असेल तर नाडा कितीही भारी आणून काय उपयोग. ग्राफ्ट म्हणजे फक्त नाडा, हे पक्कं डोक्यात ठेवा, निम्मे गैरसमज इथंच संपतात.

दुसरी गोष्ट, टेंडनचं टोक किती आत ओढलं गेलंय. हाडाजवळच असेल तर छान, गोळ्याच्या मध्यावर असेल तर सर्जनला मोकळं करून ओढून आणावं लागतं, आणि वाटीपर्यंत आत गेलं असेल तर बऱ्याचदा ते हाडापर्यंत परत पोचतच नाही.

तिसरी गोष्ट साध्या एक्सरेत दिसते, म्हणून एमआरआय असला तरी एक्सरे काढायचाच. गोळा आणि त्याच्यावरचं हाड यात किती जागा उरलीय ते बघायचं, साधारण ७ मिलिमीटरच्या खाली आली तर गोळा वर सरकलाय. आणि सांधा झिजलाय का, गोळा वरच्या हाडाला घासून तिथं खळगा पडलाय का. हे सगळं हमाडा ग्रेडमध्ये येतं, १ ते ५. सांधा झिजून गेलेला असेल तर ग्राफ्टची चर्चाच बंद करायची, तिथं बहुतेक वेळा रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट, म्हणजे गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा बसवतात, मग कफ नसला तरी डेल्टॉइड एकटा हात उचलू शकतो. सत्तरीच्या आजोबांना सांधा झिजलेला असताना महागडा ग्राफ्ट टाकून आधी पट्ट्यात आणि मग वर्षभर व्यायामात अडकवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण पंचेचाळीस पन्नाशीच्या हमालाला रिव्हर्स घालायला सर्जन कचरतात, कारण कृत्रिम सांध्यावर पोती उचलत बसता येत नाही आणि पुढं तो बदलायची वेळ आली तर ते ऑपरेशन अवघड असतं. ग्राफ्टचा खरा पेशंट हाच, वय फार नाही, सांधा चांगला, पण टेंडन शिवण्यासारखा राहिला नाही.

तिसरी पायरी : ग्राफ्ट कशासाठी टाकतायत ते विचारा

सर्जनला हा एकच प्रश्न नीट विचारलात तरी भागलं. कारण ग्राफ्ट वेगवेगळ्या कामांना वापरतात आणि लोक सगळं एकच समजतात.

काही वेळा टेंडन शिवून होतो पण कापडासारखा विरलेला असतो, म्हणून वरून ठिगळ लावतात, याला पॅच किंवा ऑगमेंटेशन म्हणतात. काही वेळा टेंडन हाडापर्यंत पोचतच नाही म्हणून मधलं अंतर ग्राफ्टनं जोडतात, हे ब्रिजिंग. या दोन्हींत मसल जिवंत पाहिजे, चरबी झालेल्या मसलला पूल बांधून उपयोग नाही.

तिसरं काम एससीआर, सुपीरियर कॅप्सुलर रिकन्स्ट्रक्शन, आणि सध्या सगळ्यात जास्त चर्चा याचीच. यात ग्राफ्ट मसलला जोडतच नाहीत. एक टोक वाटीच्या वरच्या कडेला, दुसरं टोक गोळ्याच्या बाजूच्या हाडाला, दोन्हीकडं अँकर, आणि मध्ये ग्राफ्ट छतासारखा ताणून बसवतात म्हणजे गोळा वर सरकत नाही आणि डेल्टॉइडला काम करता येतं. जपानचे डॉ. तेरुहिसा मिहाता यांनी हे पुढं आणलं, २०१३ मध्ये त्यांनी २४ खांद्यांचे निकाल छापले, हात वर जायचा सरासरी ८४ अंश तो १४८ अंशांवर गेला, आणि २४ पैकी २० खांद्यांत एमआरआयवर ग्राफ्ट टिकलेला दिसला. पुढं इतरांनी वेगळे ग्राफ्ट वापरून केलं तेव्हा सगळ्यांना एवढे छान निकाल आले नाहीत, म्हणूनच ग्राफ्ट कुठला हा प्रश्न मोठा झाला. एससीआरला पुढचा सबस्कॅप्युलॅरिस चांगला किंवा शिवता येण्यासारखा पाहिजे आणि डेल्टॉइड चालता पाहिजे, हे दोन्ही विचारून घ्या.

चौथं, टेंडन ट्रान्सफर. वर सांगितलं तसा सोडल्यावर हात पोटावर पडत असेल तर नुसतं छत बांधून हात बाहेर फिरवायची ताकद येईलच असं नाही. तिथं पाठीचा दुसरा मसल आणून जोडतात, लॅटिसिमस डोर्साय किंवा ट्रॅपिझियसचा खालचा भाग. ट्रॅपिझियस गोळ्यापर्यंत पोचत नाही म्हणून त्याला लांबी वाढवायला ग्राफ्ट लागतो, परदेशात दान केलेला अकिलीस टेंडन वापरतात, आपल्याकडं पेशंटच्याच पायातला हॅमस्ट्रिंग वापरण्याकडं कल असतो, तोच जो गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटल्यावर वापरतात.

चौथी पायरी : आता ग्राफ्ट निवडा

मांडीतला ग्राफ्ट, फॅशिया लाटा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मजबूत पांढरं आवरण असतं ते काढून घडी घालून जाड करतात, मिहातांच्या पद्धतीत ६ ते ८ मिलिमीटर जाडी. आपलंच असल्यामुळं शरीर नाकारायचा प्रश्न नाही, मटेरियलचा खर्च नाही, आणि जाड असल्यामुळं गोळ्याला खाली धरायचं काम चांगलं करतो. तोटा मांडीचा. मी बघतो ना, ऑपरेशन खांद्याचं पण पहिल्या दोन-तीन आठवड्यात माणूस तक्रार मांडीचीच जास्त करतो. मांडी घालून जेवायला बसता येत नाही, भारतीय संडासात बसताना ओढ लागते आणि एक हात पट्ट्यात असल्यामुळं आधार पण धरता येत नाही. कुणाकुणाला जखमेच्या जागी मसल फुगवटा येऊन दिसतो, कुणाला तिथं बधिरपणा राहतो. लंगडं मात्र सहसा कोण होत नाही, ती भीती काढून टाका. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, मेडिकल सामान भाड्यानं देणाऱ्यांकडं मिळते.

बाहेरचा ग्राफ्ट, डर्मल अॅलोग्राफ्ट. दान केलेल्या मानवी त्वचेतल्या सगळ्या पेशी काढून टाकून निर्जंतुक करून पाकिटात येतो. पेशीच नसल्यामुळं किडनीसारखं रिजेक्शन सहसा होत नाही, त्यासाठी आयुष्यभर गोळ्या खायच्या नसतात. इन्फेक्शनचा धोका फार कमी, पण शून्य कुठल्याच ऑपरेशनला नसतो. फायदा म्हणजे मांडी शाबूत आणि ऑपरेशनचा वेळ वाचतो. तोटे दोन. एक किंमत, कारण परदेशातनं येतो. आणि दुसरा जाडी, साधारण ३ मिलिमीटरचा घ्यायचा असतो, १ मिलिमीटरचा पातळ एससीआरला टिकत नाही, म्हणून कोटेशनमध्ये नुसतं ग्राफ्ट असं न लिहिता जाडी किती आणि साइझ किती हे लिहून मागा. स्वस्तातलं कोटेशन दिसलं की आधी जाडी बघा.

स्वतःचा बायसेप्स. मला वैयक्तिक वाटतं की आपल्याकडच्या साध्या माणसासाठी याचा विचार आधी व्हायला पाहिजे. बायसेप्सचा लांब टेंडन वाटीच्या वरच्या टोकालाच जन्मतः चिकटलेला असतो, तो तसाच ठेवून दुसरीकडं गोळ्याच्या हाडात नव्यानं बसवतात म्हणजे छताचं एक टोक आपोआप तयार असतं, अँकर कमी लागतात, मांडी नाही, पाकीट नाही. पण तो टेंडन चांगला असायला पाहिजे, आणि मोठ्या जुन्या फाटीत तो बऱ्याचदा विरलेला किंवा आधीच तुटलेला असतो. दंडात खाली मसलचा गोळा येऊन बसलेला दिसत असेल तर तो बहुतेक गेलाय. शिवाय तो अरुंद, सगळी जागा झाकत नाही, म्हणून काही सर्जन जमेल तेवढा टेंडन शिवून त्याच्या जोडीला बायसेप्स वापरतात. खरी अवस्था दुर्बीण आत गेल्यावरच कळते, तेव्हा बायसेप्स खराब निघाला तर पुढं काय, हे आधी ठरवून संमतीपत्रात लिहून घ्या. नाहीतर घरची माणसं ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेली आणि आतनं निरोप येतो की ग्राफ्ट मागवायचा का, मग त्या गडबडीत कुणी पण हो म्हणतं.

जनावरापासनं बनवलेले. ठिगळासाठी कोलाजनचा पातळ पॅच मिळतो, तो गाईबैलाच्या टेंडनपासून बनवलेला असतो आणि काही महिन्यांत विरघळून जातो, त्याचं काम टेंडन जाड व्हायला मदत करायचं, भार घ्यायचं नाही. पूर्वी डुकराच्या आतड्याच्या आवरणापासून बनवलेला पॅच पण वापरला गेला, त्याचा उपयोग दिसला नाही आणि काही जणांना सूज येऊन त्रास झाला म्हणून तो कफसाठी मागं पडला. धर्मामुळं किंवा माळकरी असल्यामुळं कुणाला यातलं काही चालत नसेल तर लाजू नका, ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगा, पर्याय असतात. नंतर कळून मनाला लागून राहण्यापेक्षा ते बरं.

सगळ्याचा सारांश विचाराल तर बायसेप्स चांगला आणि थोडाफार टेंडन शिवता येतोय तर बायसेप्स, काहीच शिल्लक नाही पण सांधा चांगला आणि माणूस कष्टाचा तर मांडीतला जाड ग्राफ्ट, मधुमेह असेल किंवा मांडीची जखम परवडणार नसेल आणि खर्चाची सोय असेल तर ३ मिलिमीटरचा डर्मल. हे माझं मत, आणि तुमच्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय त्याला पण वजन आहेच, म्हणून ही पद्धत तुम्ही नेहमी करता का असं सरळ विचारायला काही हरकत नाही.

पाचवी पायरी : तारीख घेण्याआधी

तंबाखू. आपल्याकडं हा विषय टाळून चालणारच नाही. निकोटिननं टेंडन हाडाला चिकटायला वेळ लागतो, मग तो सिगारेटमधला असो, माव्यातला असो की मिश्रीतला. निदान महिनाभर आधी बंद आणि नंतर तीन महिने तरी नाही. शुगर असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, करून आटोक्यात आणा. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सांगा, ते घेतल्यावर लगेच ऑपरेशन केलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडं आधार आणि रेशन कार्ड घेऊन जाऊन विचारायचं, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला पण चौकशी करा. विमा असेल तर प्रीऑथमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या आधीच्या मंजुरीत, अँकर आणि ग्राफ्ट वेगळे लिहून मंजूर करून घ्या, नाहीतर ऑपरेशन पास आणि ग्राफ्ट तुमच्या खिशातनं.

आणि हंगाम. जुनी फाट असेल तर ऊस तोडून कारखान्याला गेल्यावर ऑपरेशन ठेवलं तरी चालतं. पण परवापर्यंत चांगला असलेला हात पडल्यामुळं एकदम उचलेना झाला असेल तर हंगाम बघू नका, तीन महिन्यांच्या आत शिवला तर बऱ्याचदा ग्राफ्टची वेळच येत नाही. थांबून थांबून मसलची चरबी झालेली माणसं आठवड्याला बघतो, जीव तुटतो.

सहावी पायरी : नंतरचे महिने

पहिला दिवस हात बधिर असतो, ती ब्लॉकची भूल, घाबरायचं नाही. पण दीड-दोन दिवसांनी पण बोटं हलेनात, ताप आला, जखमेतनं पाणी यायला लागलं किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर फोन करत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

ग्राफ्ट टाकलेल्या खांद्याला उशीवाला पट्टा साधारण सहा आठवडे. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसून. सहा आठवड्यांपर्यंत खांदा आम्ही हलवणार, तुम्ही उचलायचा नाही. त्यानंतर हळूहळू स्वतः, ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनी, आणि वजन उचलायचं, धार काढायचं, रवे उचलायचं काम सहा महिन्यांच्या आधी नाहीच, जडकामाला वर्ष धरून चला. सगळ्यात धोक्याचा काळ दुसरा-तिसरा महिना, कारण दुखायचं थांबलेलं असतं आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. एसटीत वरचा दांडा धरला, गचका बसला, आणि ग्राफ्ट अँकरमधनं सुटला असं होऊ शकतं. राधानगरी, गगनबावड्याहून फिजिओला येणाऱ्यांनी या काळात एसटीत बसायला जागा असेल तरच यायचं किंवा कुणाची तरी चारचाकी बघायची. रोज येणं जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही घरचे व्यायाम मोबाईलवर व्हिडिओ काढून देतो.

ग्राफ्ट पुढं फाटला तरी सगळं संपलं असं नाही. एमआरआयवर फाटलेला दिसतो आणि तरी दुखणं कमी, हात चालतोय असे पण पेशंट असतात, त्यांना काही करावं लागत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी ट्रान्सफर आणि वय झालं असेल तर रिव्हर्स हे दोन्ही रस्ते उघडे असतात.

डिस्चार्जच्या दिवशी नुसती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी जाऊ नका. ऑपरेशन नोटची कॉपी मागा, त्यात ग्राफ्ट कुठला, जाडी किती, अँकर किती आणि कुठं, सबस्कॅप्युलॅरिस शिवला का, बायसेप्सचं काय केलं हे असतं. ग्राफ्टच्या पाकिटावरचे आणि अँकरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत का बघा, त्यावर लॉट नंबर आणि एक्सपायरी असते, त्याचा फोटो काढून घरच्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. फिजिओकडं पहिल्या दिवशी येताना ही फाइल घेऊनच या, कारण सबस्कॅप्युलॅरिस शिवला असेल तर हात बाहेर किती फिरवायचा याला मर्यादा असते आणि कागद नसला तर ती आम्हाला कळत नाही.